पिवळ्या रेघेपलीकडचं तांबं

काका दारू पीत नसत. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. मी त्यांच्या घरी भाड्याने राहत होते तेव्हा त्यांनी एक घोटही घेतलेला मला आठवत नाही. स्वतः काढलेली ते जिभेच्या टोकावर ठेवत, डोळे मिटून उभे राहत, आणि मग शेडमागच्या गवतावर थुंकून टाकत. लगेच चूळ भरत. ब्रिस्टलमधल्या त्यांच्या घराच्या परसात, बागेची अवजारं ठेवायच्या लाकडी शेडमध्ये, हा माणूस दारूची भट्टी चालवत होता आणि त्याला दारूशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याचं सगळं प्रेम तांब्यावर होतं.

भट्टी हा शब्द त्यांना चालत नसे.

"कॉलम म्हण," ते मला सांगत. "भट्टी म्हणजे मडकं आणि धूर. हे इंजिनिअरिंग आहे."

आयुष्यभर त्यांनी विमानांच्या इंजिनांचे नळ बनवण्याचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर, आणि काकू गेल्यावर, हात रिकामे राहिले. त्याच सुमारास घरातला गरम पाण्याचा जुना तांब्याचा सिलिंडर काढून कॉम्बी बॉयलर बसवला. प्लंबर तो सिलिंडर भंगारात नेणार होता. काका त्याच्या व्हॅनसमोर जाऊन उभे राहिले, असं ते स्वतःच सांगत. त्या सिलिंडरवर त्यांनी माझ्या उंचीचा तांब्याचा नळ उभा केला, त्यात तांब्याच्या जाळीच्या गुंडाळ्या भरल्या, वरच्या टोकाला थंड पाण्याचं वेटोळं बसवलं. एकेक जोड असा घासलेला, की बोट फिरवलं तर कळू नये. मी बोट फिरवलं नव्हतं. ते तसं म्हणत.

त्या कॉलमचं तत्त्वज्ञान मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. वाफ वर जाते, वरच्या वेटोळ्याला लागून थंड होते, आणि तिच्यातली बहुतेक पुन्हा खाली पडते. पुन्हा तापते, पुन्हा वर येते. याला रिफ्लक्स म्हणतात.

"साधी भट्टी काय करते? येईल त्याला सोडते," काका म्हणत. "माझा कॉलम असं कुणालाही बाहेर सोडत नाही. वर आलास? छान. जा परत खाली. ज्याच्यात अजून पाणी आहे त्याला दार बंद."

मी निबंध लिहून आणला की ते लाल पेनाने खुणा करत आणि पहिल्या पानावर लिहीत: रिफ्लक्स कर. मी वाफेसारखी परत खाली जायचे, पुन्हा लिहायचे. माझं इंग्रजी सुधारलं ते त्यांच्यामुळे, हे मला नाकारता येत नाही. बस कशी पकडायची, डॉक्टरची अपॉइंटमेंट कशी मिळवायची, रेडिएटरमधली हवा कशी काढायची, हेही त्यांनीच शिकवलं. मला फ्लू झाला तेव्हा त्यांनी दाराबाहेर मुगाचं कढण आणून ठेवलं होतं. दार वाजवून ते खाली निघून गेले.

मी इथे पाणीपुरवठ्यातल्या इंजिनिअरिंगचं एमएस्सी करायला आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. राज्य सरकारची शिष्यवृत्ती होती, तिच्या अटी वाचून मी सही केली होती, आणि एक अट मला तोंडपाठ होती: गुन्ह्यात नाव आलं की शिष्यवृत्ती बंद. व्हिसाचंही तेच. म्हणून खोलीत सामान लावून झाल्यावर मी लॅपटॉप उघडून पाहिलं. इथे परवान्याशिवाय घरी बिअर करता येते, वाइन करता येते. दारू गाळता येत नाही. स्वतःसाठीसुद्धा नाही.

"काका, लायसन्स?" मी विचारलं.

"ते बघतो मी."

"पण नसेल तर..."

"अगं, शेजारच्या बाईंना मी गुलाबपाणी देतो. त्यांना वाटतं मी गुलाबपाणी करतो. आणि करतोच की मी, जूनमध्ये." ते हसले. "तू अभ्यास कर. तुझा काय संबंध?"

माझा संबंध नव्हता. तो येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

ही खोली मला मराठी मंडळाच्या ग्रुपवरून मिळाली. फोनवर त्यांनी मला गाव विचारलं, विषय विचारला, मांसाहार चालणार नाही असं सांगितलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिकडे जरा शांतता झाली. मला वाटलं रेंज गेली. मग ते म्हणाले, "चालेल." आणि लगेच, मी काही विचारलेलं नसताना, "आमच्याकडे जातपात वगैरे काही नसतं हां. आम्ही केव्हाच इथले झालो."

मला त्या वेळी बरं वाटलं होतं.

काकांना विक्षिप्त म्हणायचं तर ते मोजण्यामुळे. स्वयंपाकघराच्या खणात चमच्यांशेजारी व्हर्नियर कॅलिपर असे आणि माझी पोळी ते कधीकधी त्यात धरून पाहत. "कडेला जाड आहे," म्हणत आणि ती मुकाट्याने खात. रोज तेच वरणभात, त्याच वेळेला. चहाच्या फडक्यांना इस्त्री. गावात जाताना एखाद्या जुन्या इमारतीचा हिरवा पडलेला घुमट दिसला की रस्त्यातच थांबून ते मला वर बघायला लावत. "हे तांब्याचं म्हातारपण. किती सुंदर आहे बघ. माणसाचं असं का होत नाही?" मागून येणाऱ्या लोकांची त्यांना पर्वा नसे. लोकही सॉरी म्हणत बाजूने जात.

पण त्यांच्या शेडची शिस्त सगळ्यांत वेगळी. कॉलम लावायच्या दिवशी ते सकाळी आंघोळ करत, मग कुणाशी न बोलता एक पांढरा लॅबकोट घालत. तो कोट वेगळा धुतला जाई, वेगळ्या दोरीवर वाळे. एकदा आभाळ भरून आलं म्हणून मी बाकीच्या कपड्यांबरोबर तोही आत घेतला. पाऊस पडलाच नाही. संध्याकाळी पाहिलं तर कोट पुन्हा मशीनमध्ये फिरत होता.  मला वाटलं, माझ्या हाताला काही लागलं असेल.

शेडच्या जमिनीवर त्यांनी पिवळ्या रंगाची रेघ ओढली होती. कारखान्यात यंत्राभोवती ओढतात तशी, ब्रशने नीट. रेघेच्या आत कॉलम. रेघेच्या बाहेर, दाराजवळ, माझ्यासाठी एक लाकडी स्टूल.

"सेफ्टी," ते म्हणाले. "दारूची वाफ पेट घेते. रेघेच्या आत फक्त मी. तू इथे बसून काय विचारायचं ते विचार."

मला ते पटलं. आमच्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्येही रेघा होत्या, कोट होते, हात धुवायचे नियम होते. मला वाटलं, एवढी शिस्त असलेला माणूस मला भेटला हे माझं नशीब. मी त्या स्टुलावर बसून हिवाळा काढला. बाहेर चारलाच अंधारायचं, शेडमध्ये पिवळा दिवा, कॉलममधून बारीक खळखळ, आणि काका बोलत असायचे. आज ती रेघ आठवली की मी स्वतःला विचारते, मला तेव्हा काहीच कसं वाटलं नाही? खरं सांगायचं तर कुठेतरी वाटलं असेल. पण परक्या देशात ज्याच्या घरात आपण झोपतो त्याच्याबद्दल तसं वाटून घ्यायला धीर लागतो.

फेब्रुवारीत एकदा कॉलमचा जोड गळायला लागला. वाफेची बारीक शीळ. काका स्वयंपाकघरात गेले, राय या गव्हासारख्या धान्याचं पीठ घेऊन आले, वाटीत पाणी घालून ते मळलं आणि त्याची सुरळी करून जोडावर फिरवली. अंगठ्याने दाबत दाबत, एकाच दिशेने. शीळ थांबली.

मी स्टुलावर बसून रडत होते. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा मला थांबता आलं नाही.

माझी आई भट्टी लावायची. घरामागे, बांबूच्या बेटाआड. मोहफुलं आंबवायची, मातीच्या मडक्यावर मडकं पालथं घालायची आणि जोडावर कणकेची सुरळी फिरवायची, अंगठ्याने, अशीच. बाबा लवकर गेले. आमच्या वस्तीत बाईला करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. माझी वह्या-पुस्तकं, माझा गणवेश, माझं हॉस्टेल, सगळं त्या मडक्यातून आलं. पोलीस यायचे, मडकं लाथेने फोडायचे. एकदा आईला ठाण्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. ती परत आली ती सरळ नवीन मडकं आणायला गेली. पहिल्या धारेची बाटली नेहमी बाजूला ठेवलेली असे. ती हवालदाराची. ती दिली की काही दिवस मडकं सलामत राहायचं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत आईचा व्यवसाय विचारला तेव्हा मी मजुरी म्हणाले होते. काकांना सांगितलं.

ते रेघेच्या आत उभे राहून ऐकत होते. हाताला पीठ लागलेलं. त्यांनी ते फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "म्हणजे तुझी आई इंजिनिअर आहे."

मी हसले. आमच्या आईबद्दल कुणी असं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"काका, हे कुणाला सांगू नका."

"शब्द दिला," ते म्हणाले. त्यांनी आत जाऊन चहा केला आणि माझा कप स्टुलाजवळ खाली ठेवला.

त्या रविवारी मी आईला फोनवर सगळं सांगितलं. आई खूप हसली. तांब्याची भट्टी म्हटल्यावर तर तिचा विश्वासच बसेना.

"बामन मानूस भट्टी लावते?"

"हो गं."

"अन् पोलीस येत नाई का तिकडं?"

"अजून तरी नाही आले."

"त्याले सांग, कुत्रं पाळ म्हनाव. कुत्रं पहिले भुंकते. आपल्या घरी मोत्या होता म्हनून किती खेपा वाचलो." मग आवाज खाली करून म्हणाली, "तू त्या भट्टीजवळ जाऊ नको बाई. तू शिकाले गेली ना."

मी म्हटलं, "मी जातच नाही. रेघेच्या बाहेर बसते."

"मंग बरं आहे," आई म्हणाली. रेघ म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही.

पाडव्याच्या पुढच्या रविवारी काकांनी जेवण ठेवलं. साउथहॅम्प्टनहून त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस आल्या. दोघं हसरे, मोकळे. मिसेसनी आल्याआल्या मला मिठी मारली. मी श्रीखंड केलं होतं, त्याचं कौतुक झालं. जेवणाआधी काकांनी शेड दाखवायला नेलं.

मी मागून चालत होते. डॉक्टर बोलत बोलत आत गेले आणि पिवळी रेघ ओलांडून सरळ कॉलमपाशी उभे राहिले. मिसेसही. पायात बूट. बागेतल्या ओल्या मातीचे. मी काकांकडे पाहिलं. आता ते ओरडतील, असं मला वाटलं.

"हात लावून बघा," काका म्हणाले. "जोड सापडतो का सांगा."

डॉक्टरांनी हात फिरवला. मिसेसनी फिरवला, बोटांतल्या अंगठ्यांसकट. "काका, सीरियसली, हे तुम्ही फ्रॉम स्क्रॅच केलंत? मला तर एखाद्या देवळातल्या खांबासारखा वाटतोय."

मी दारात स्टुलाजवळ थांबले होते. कॉलम त्या दिवशी बंद होता, म्हणून असेल. मी स्वतःला तसं सांगितलं. गार असताना रेघेचं काय कारण? मग मला आठवलं, तो गार असतानाही मी कितीदा तरी त्याच स्टुलावर बसले होते.

काकांनी छोट्या चांदीच्या फुलपात्रांतून दोघांना दिली. डॉक्टरांनी वास घेतला.

"पहिल्या धारेची आहे ना पण, काका?"

"पहिली धार फेकायची असते. थिनरसारखी असते ती. डोकं फुटेल."

"काय सांगता. पहिल्या धारेच्या गोष्टी ऐकून मोठे झालो आम्ही. ती कोण फेकतं?"

काका रंगात आले होते. त्यांनी एक थेंबही घेतला नव्हता, पण कौतुकाने त्यांचे गाल लाल झाले होते. "फेकत नाहीत, बरोबर आहे तुमचं. हिला विचारा पहिली धार कुणाची असते." त्यांनी माझ्याकडे हात केला. "सांग गं. नाही सांगत? लाजते. हवालदाराची. हिच्या आईची भट्टी होती, मोहाची. अस्सल. आपण सगळे हौशी, हिच्या घरचा व्यवसाय आहे हा."

डॉक्टर मोठ्याने हसले. मिसेस हसल्या नाहीत, त्यांनी डोळे मोठे केले. "वॉव. किती इंटरेस्टिंग. म्हणजे प्रॉपर हेरिटेज आहे हे. आडनाव काय म्हणालीस तू?"

मी सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "अच्छा, अच्छा."

"मग टेस्ट कर ना तू," डॉक्टर म्हणाले. "सांग, घरच्यासारखी उतरलीय का?"

"मी पीत नाही."

"अरे, घरची असून?"

काका हसत होते. वाईट नाही, आपली एखादी चांगली वस्तू पाहुण्यांना दाखवताना माणूस हसतो तसे. मिसेसनी फोन काढला. "फोटो हवाच. ये ना तू पण, कॉलमजवळ ये."

"ती तिथेच बरी आहे," काका पटकन म्हणाले. "तिथे उजेड चांगला आहे."

फोटो निघाला. संध्याकाळी तो मंडळाच्या ग्रुपवर आला. कोन असा होता, की मी कॉलमच्या अगदी शेजारी उभी आहे असं दिसत होतं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: ब्रिस्टलमधली आपली बुटीक डिस्टिलरी, या मुलीच्या आईच्या भट्टीची परंपरा. खाली खूप अंगठे आणि हसरे चेहरे. मी काकांना म्हटलं, तो काढायला सांगा. ते म्हणाले, "अगं, कौतुक करतायत. तू फार मनाला लावून घेतेस. रिफ्लक्स कर."

"तुम्ही शब्द दिला होता, काका."

"मी चांगलंच बोललो ना तुझ्या आईबद्दल?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. हे मी आजही धरून चालते. कळत असतं तर मला त्यांचा राग करणं सोपं गेलं असतं.

फोटो कुणी कुठे पाठवला ते मला माहीत नाही. मे महिन्यात एका सकाळी दाराची बेल वाजली. करखात्याचा एक माणूस आणि एक पोलीस बाई. दोघं अत्यंत सभ्य. आमच्या गावात पोलीस येतात तसं काहीच नव्हतं. बाईंनी पायपुसण्याला पाय पुसले. त्या माणसाच्या हातात फोटो होता, छापलेला, आणि त्यात मी होते.

आम्ही सगळे शेडमध्ये गेलो. काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या माणसाने फोटोखालचं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, हे उपकरण कोणाचं?

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत इंग्रजीत म्हणाले, "ही माझ्याकडे राहते. विद्यार्थिनी आहे. हिच्या घरात हे चालत आलंय. हिची आई हेच करायची. फोटोत लिहिलंय तसं."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी त्यांचं इंग्रजी फार चांगलं ओळखत होते, त्यांनी ते वाक्य नीट गाळून घेतलं होतं.

पोलीस बाई माझ्याकडे वळल्या. "हे खरं आहे का, लव्ह? हे तुझं आहे?"

इंग्रजी सुचेना. आई ठाण्यातून परत आली त्या दिवशीची तिची चाल मला आठवत होती. मी म्हटलं, "माझी आई करायची. मी नाही. हे मला चालवताही येत नाही."

"पण बघितलं असशील," तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता. "हे वरचं कसं उघडतं, दाखवशील का आम्हाला?"

मी काकांकडे पाहिलं. ते अजून जमिनीकडेच पाहत होते. मग मी स्टुलाजवळून निघाले, पिवळी रेघ ओलांडली आणि कॉलमकडे हात नेला.

"शिवू नकोस!"

काका इतक्या जोरात ओरडले, की पोलीस बाई दचकून मागे सरकल्या. माझा हात हवेत राहिला. काका दोन्ही हात पुढे करून कॉलम आणि माझ्या मध्ये आले होते. मी त्यांना असं ओरडताना कधीच पाहिलं नव्हतं. राग नव्हता तो. भीती होती. करखात्याची वाटली नव्हती एवढी.

हात लावू नकोस म्हणाले असते तर मी अजूनही स्वतःची समजूत घालत बसले असते.

"काय म्हणाले ते?" पोलीस बाईंनी मला विचारलं.

मी भाषांतर केलं. "हात लावू नको, म्हणाले."

"का?"

"त्याला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी या रेघेच्या आत आज पहिल्यांदा आले."

तो माणूस खाली वाकला. त्याने रेघ पाहिली, स्टूल पाहिलं, खुंटीवरचा पांढरा कोट पाहिला. मग काकांना विचारलं, "असं आहे का, सर? तुमच्याशिवाय कुणीच हात लावत नाही?"

काका नाही म्हणू शकले असते. पाहुण्यांनी हात लावला होता, हे सांगू शकले असते. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "कुणीच नाही. एकेक जोड मी केलाय."

त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. माझं नाव आणि युनिव्हर्सिटी त्यांनी लिहून घेतली, आणि बाई म्हणाल्या, काळजी करू नकोस, तू साक्षीदार आहेस फक्त. माझं शिक्षण वाचलं ते एवढ्या एका ओरडण्याने. हे काकांचे उपकार म्हणायचे का, मला ठरवता आलेलं नाही. मी त्याच महिन्यात तिथून निघाले, आता हॉस्टेलमध्ये राहते. त्यांनी फोन केला नाही. मीही केला नाही. आईला मी सांगितलं, पोलीस येऊन भट्टी घेऊन गेले. ती म्हणाली, "मी म्हनलं होतं ना, कुत्रं पाळ."

पण त्या सकाळचं एक राहिलं. ते दोघं काकांना बाहेर बागेत नेऊन प्रश्न विचारत होते, तेव्हा मी शेडमध्ये एकटी होते. मी कॉलमला हात लावला. पूर्ण पंजा टेकवला आणि दाबला. तांबं गार होतं. जोड मला सापडला नाही, खरंच इतका सुरेख होता.

तांब्यावर घामट बोटं उमटतात. तासाभराने तो माणूस गाडीतून हत्यारं घेऊन आला आणि कॉलम सोडवायला लागला, तोवर माझी पाचही बोटं तपकिरी होऊन वर आली होती. काकांनी ती पाहिली. ते तडक घरात गेले. मला वाटलं वकिलाला फोन करायला गेले असतील. ते परत आले ते वाटीत भिजत घातलेली चिंच घेऊन, दुसऱ्या हातात मीठ आणि इस्त्री केलेलं फडकं.

"एक मिनिट," ते त्या माणसाला म्हणत होते. "प्लीज. फक्त एक मिनिट. एवढं पुसू द्या."

"सॉरी, सर. आहे तसंच न्यावं लागेल."

ते कॉलम आडवा करून बागेतून घेऊन गेले. उन्हात तो फार चमकत होता, माझ्या हाताचा डाग सोडून. काका दारात, रेघेच्या बाहेर, माझ्या स्टुलावर बसले. चिंचेची वाटी मांडीवर तशीच होती. ती भिजायला वेळ लागतो, अजून कडकच होती.